ऐंशी नॅनोमीटरचा प्रश्न

कॅमेऱ्यासाठी इन्फ्रारेड रोल कोणता घ्यावा यावर मी तीन आठवडे घरात बोलत होतो. तिसऱ्या आठवड्यात बायको कुकरची शिट्टी झाली तरी गॅस बंद करेना. तेवढाच आवाज मला पुरून उरत होता.

इल्फर्डच्या एसएफएक्स 200 ला साधारण 740 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचं दिसतं, रोलाय इन्फ्रारेड 400 ला 820 पर्यंतचं. फरक 80 नॅनोमीटरचा. माणसाचा केस याच्या सुमारे हजारपट जाड असतो, आणि डोक्यावर केस उरलेले नसताना मी या 80 साठी झोप घालवत होतो.

खरा रोल कोडॅकचा एचआयई! त्याला 900 पर्यंतचं दिसायचं. मागे प्रकाश अडवणारा थरच नसल्यामुळे उजळ भागांभोवती तेज पसरायचं, झाडं गॅसबत्त्या घेऊन वरातीला निघाल्यासारखी. भरायचा तोही मिट्ट काळोखात. 2007 मध्ये तो बंद झाला. ‘‘एचआयई गेला आणि मजा गेली,’’ असं मी चारचौघांत सुस्कारा टाकून म्हणतो. तो हयात होता तेव्हा मी डिजिटल कॅमेऱ्याचे गोडवे गात हिंडत होतो, हे कोणी विचारत नाही. एकदा तर भर मे महिन्यात रजईत शिरून मी तो कसा भरायचो, हेही घामासकट सांगितलं. त्यातली रजई खरी होती.

शेवटी फिल्टरने निकाल लावला. माझा फिल्टर 720 च्या खालचं जवळजवळ सगळं अडवतो. म्हणजे एसएफएक्सला खिडकीची फट, रोलायला निदान अर्धं दार. रोलाय घेतला आणि ऑक्टोबरच्या उन्हात आत्याच्या अंगणात गेलो. हा रोल अंधुक उजेडात भरायचा असतो. पण भाचा बघत होता, म्हणून मी तो भर अंगणात, ऐटीत भरला. सुरुवातीचे फोटो धुक्यात गेले. वाचला तो आत्याचा एक.

पानांच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या इन्फ्रारेड उलटा फेकतात, त्यामुळे मागची चिंच बर्फ पडल्यासारखी आली. आकाश काळंभोर. आणि ओट्यावर बसलेली आत्या दुधासारखी पांढरी, कारण आपल्या त्वचेतलं काळं द्रव्य या प्रकाशाला फारसं अडवतच नाही. मी हे सगळं तिला रंगात येऊन समजावत होतो आणि मध्येच माझी जीभ अडखळली.

आत्याचा एक जुना ‘दाखवायचा’ फोटो आहे. स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तिला चांगली उजळवली होती. मुलाकडच्यांना फोटो पसंत पडला. मुलगी समोर आल्यावर ते अर्धा चहा टाकून उठले. आजी हे सांगताना दर वेळी चहाचंच हळहळायची. मला त्या अर्ध्या कपांचा अजून संताप येतो, आणि मी मात्र हजारो रुपये घालून तीच पेन्सिल फिरवून आलो होतो.

आत्याने फोटो लांब धरला, जवळ धरला.

‘‘चिंच छान आलीय. ही बाई कोण?’’

‘‘तूच गं.’’

‘‘असं? तुझ्या आजोबांनी याच कामाचे त्या स्टुडिओवाल्याला आठ रुपये मोजले होते. तुला कितीला पडलं?’’

मी आकडा सांगितला. तोही निम्माच.

‘‘महागलं रे,’’ म्हणाली, फोटो उपडा ठेवला आणि शेंगा निवडायला लागली.