गजकर्णाची लागवड : एक खरीप सल्ला

मृग लागला की आमच्या दवाखान्यातही पेरणीची लगबग सुरू होते. त्वचेचा डॉक्टर म्हणून इतक्या पावसाळ्यांच्या अनुभवावरून सांगतो, गजकर्णासारखं भरवशाचं पीक दुसरं नाही. पाऊस ओढ देवो की झोडपो, हे येतंच. आणि एकदा धरलं की घरातल्या सगळ्यांना पुरतं. तरीही काहींच्या अंगावर ते नीट धरत नाही. हा सल्ला त्यांच्यासाठी.

जमीन सखल आणि वारा न लागणारी हवी. जांघ, काख, कंबरेचा पट्टा उत्तम. ओल टिकवायला घट्ट जीन्स घाला, तीही दोरीवर अर्धवट वाळलेली. भिजत ऑफिसात पोचलात तर कपडे बदलू नका, एसीत अंगावरच वाळवा. आंघोळीनंतर जांघा पुसत बसाल तर लोकल चुकेल. बियाणं फुकट आहे. नावात हत्तीचा कान असला तरी ही साधी बुरशी. चौघांत एक टॉवेल ठेवा, पेरणी आपोआप उरकते.

काही दिवसांत गोल चट्टा उगवतो. कड लाल, उठावदार. मधला भाग साफ. नवखे लोक इथेच चुकतात आणि डॉक्टर गाठतात. तुम्ही नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जा. आजूबाजूला बायामाणसं नाहीत असं बघून, आवाज खाली करून, ‘खाजेचं काहीतरी द्या’ एवढंच म्हणा. चट्टा दाखवायचा नाही. मिळेल ती ट्यूब म्हणजे आपलं खत. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासॉलसारखं जबर स्टेरॉइड, अशी ती मिसळ असते. यातलं स्टेरॉइड शेताच्या राखणदाराला झोपवतं. लाली आणि खाज म्हणजे शरीराची बुरशीशी चाललेली झटापट. ती थांबली की तुम्हाला दोन दिवसांत आराम आणि बुरशीला मोकळं रान. पुढे कड पुसट होते, गोलाई मोडते, आणि आम्हालाही ते पटकन ओळखू येत नाही. आमच्या पुस्तकांत त्याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात, म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं खरं. पण घाबरू नका, चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटायलाही नशीब लागतं.

कोकणात याच दिवसांत टाकळा उगवतो. त्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, आणि नायट्यावर त्याचा पाला वाटून लावायची जुनी रीत आहे. आपण भाजी करून खावी. कांदा जरा जास्त घालावा.

डॉक्टरांनी चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्याच, तर सहाव्या दिवशी खाज थांबताच बंद करा. उरलेल्या मेहुण्याला द्या. औषध अर्ध्या मात्रेने फवारलं की कीड कशी निर्ढावते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. टर्बिनाफिन या आमच्या हुकमी औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीचं 2020 साली जपानी संशोधकांनी बारसं केलं. नाव ठेवलं ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’. नावातच आपला देश! पेढे वाटायचे राहून गेले.

महिनोन्‌महिने खत घातलंत तर जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर लांब ओरखडे उमटतात. उद्या बुरशी गेली तरी ते पुरते जात नाहीत. सातबाऱ्यावरची नोंदच ती.

परवा एक गृहस्थ आई, बायको आणि दोन मुलांना घेऊन आले. खाज आधी कुणाला सुटली, असं विचारल्यावर पाचही जणांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग गृहस्थांनी खिशातून पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब काढली आणि आदबीने टेबलावर ठेवली.

“डॉक्टर, गुण येतो हो हिचा. फक्त बंद केली की परत उठतं. हिची मोठी ट्यूब मिळते का?”