स्लॅब तुमचा, बिल आमचं

बिल्डरसाहेब,


कर्जत-खालापूरच्या भातखाचरांवर तुम्ही सात-सात मजले चढवलेत आणि जाहिरातीत माथेरानचा गारवा विकलात. माथेरान आठशे मीटर उंचीवर आहे, तुमची इमारत पायथ्याच्या खोलगट भागात. इथे एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो. याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश नोंदले गेले, ते तुम्हीही वाचलं असेल. तरी बेडरूम पश्चिमेला काढलीत, भिंतभर सरकती काच लावलीत, वर वीतभर छज्जासुद्धा ठेवला नाहीत. आणि शेवटच्या मजल्याच्या डोक्यावर उघडा स्लॅब.

दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्रभर खाली उष्णता सोडतो. रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावून बघा, ती अजून कोमट असते. एसी बसवायला आलेला मेकॅनिक एकदा वर बघतो आणि म्हणतो, "टॉप फ्लोअर ना? मग दीड नको, दोन टनाचा घ्या." तो जादा अर्धा टन तुमच्या स्लॅबने मागितला. पैसे मात्र आम्ही भरतो, एकदा दुकानात आणि मग दर महिन्याला महावितरणकडे. बिल ३०० युनिटांपुढे गेलं की पुढच्या युनिटांचा दर कसा चढतो, ते इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे.

आम्ही आमच्या परीने सगळं करतो. पाच तारे बघून इन्व्हर्टर एसी घेतो, तो २४ अंशांवर ठेवतो, पंच्याहत्तर वॉटचा जुना पंखा काढून तिशीतला बीएलडीसी लावतो. दमट हवेत कूलर चालत नाही, म्हणून तोही मार्ग बंद. पण आउटडोअर युनिटला तुम्ही जागा दिलीत कुठे? संडास-बाथरूमच्या अरुंद डक्टमध्ये! चार घरांची युनिटं तिथे एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकतात आणि तीच परत ओढतात. अशा कोंडीत कुठल्याही एसीचे तारे टिकत नाहीत.

ऊर्जा दक्षता ब्युरोची इको निवास संहिता २०१८ सालची आहे. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, छतातून किती झिरपावी, याच्या मर्यादा तिने आखून दिल्या आहेत. तुमच्या आर्किटेक्टला ती माहीत नसेल, तर त्याला जवळच्या ठाकरवाडीवर न्या. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप, भोवती पडवी, वर उतरतं कौलारू छप्पर. उन्हाचा भिंतीला स्पर्श होत नाही आणि तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. कुडाची घरं बांधा असं आम्ही म्हणत नाही. पण भिंतीवर सावली हवी आणि गरम हवेला वाट हवी, एवढं तरी तिथे नक्की कळेल.

कन्व्हेयन्स अजून तुम्ही दिलेलं नाही, म्हणजे कागदोपत्री गच्ची अजून तुमचीच आहे. तिच्यावर पांढरं चायना मोझेक टाका. पश्चिमेच्या खिडक्यांवर दोन फुटी छज्जे काढा. युनिटं डक्टमधून बाहेरच्या भिंतीवर न्या, स्टँडसकट आणि तुमच्या खर्चाने. पावसाळा संपताच काम सुरू करा, म्हणजे होळीच्या आत उरकेल.

आपल्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरचा एक रहिवासी