शायनिंगभाऊ

समुद्राकाठी गाडी बाळगणाऱ्याला दोन शत्रू असतात, खारा वारा आणि मेहुणा. अलिबागजवळच्या थळच्या शायनिंगभाऊंनी पहिल्याचा बंदोबस्त केला आहे. दुसऱ्यावर इलाज शोधणं चालू आहे.

भाऊ आरसीएफच्या खत कारखान्यातून रिटायर झाले. उभं आयुष्य ए, बी, सी शिफ्टमध्ये गेल्यामुळे लॉगबुक, हातमोजे आणि ‘आधी सूचना वाचा’ या तीन गोष्टी अंगात मुरलेल्या. प्लांट सुटला तरी प्लांटचा माणूस सुटत नाही. त्याला चालवायला काहीतरी लागतं. कुणी अशा वेळी वाडी शिंपतो, कुणी देवळाच्या कमिटीत शिरतो. भाऊंच्या अंगणात काळी बलेनो उभी होती. गावाने त्यांना शायनिंगभाऊ म्हणायला सुरुवात केली ती त्यानंतर, आणि नाव तसं अन्यायाचंच. कारण शायनिंग ते मारत नाहीत, चोळतात.

हा माणूस फक्त थळात आहे असं समजू नका. चोंढीपासून चौलपर्यंत आळीला एक तरी सापडतो. खूण सोपी आहे. दोरीवर लंगोटाएवढी रंगीबेरंगी फडकी ओळीने वाळत असली की समजावं, घरात लहान मूल नाही, मायक्रोफायबर आहे. फडकं हातात घेऊन तो तुम्हाला त्याचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम, ते सांगतो. तीनशेचं काचेला, पाचशेचं पुसायला, बाराशेचं पाणी टिपायला. तुम्ही चुकून “मऊ आहे हो” म्हणालात, तर तासाची निश्चिंती.

या फडक्यांचं सोवळं आमच्या आजीच्या सोवळ्याहून कडक आहे. चाकाचं फडकं बॉडीला शिवायचं नाही. जमिनीवर पडलेलं फडकं बाद, ते थेट चाकांच्या बादलीत. सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, कारण सुताची लव चिकटते. फॅब्रिक सॉफ्टनर तर निषिद्धच, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि फडकं पाणी पीत नाही. एकदा वहिनींनी बाराशे जीएसएमचं फडकं ओटा पुसायला घेतलं. त्या दिवशी भाऊ जेवले, पण बोलले नाहीत.

गाडी धुण्याच्या बादल्या दोन, एक साबणाची आणि एक खळबळण्याची. तळाशी जाळी, म्हणजे हातमोज्यातून निघालेली वाळू खाली बसते आणि पुन्हा रंगावर घासली जात नाही. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या अशाच वाळूने पडतात. भाऊंचा सिद्धांत असा की गाडी धुळीने खराब होत नाही, ती धुणाऱ्याने खराब होते. हे शास्त्राला धरून आहे. फक्त ती जाळी वहिनींची भाजी धुवायची होती, एवढं शास्त्राबाहेरचं.

पाण्याचं प्रकरण याहून नाजूक. विहिरीचं पाणी जड. ते पत्र्यावर वाळलं की कॅल्शियमचे पांढरे ठिपके उठतात. म्हणून शेवटचं पाणी एसीच्या नळीचं. त्यात क्षार नसतात. उन्हाळ्यात भाऊ एसी लावतात तो गारव्यासाठी नव्हे, पाण्यासाठी. पाहुण्यांना वाटतं काय आदरातिथ्य! पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावतात, आणि ते पाणी कुणी झाडाला घातलं तर त्यांना तांब्यातलं तीर्थ सांडल्याचं दुःख होतं.

गाडीला सिरॅमिक कोटिंग द्यायचं तर त्याआधी पत्रा शुद्ध करून घ्यावा लागतो. ब्रेक घासले की लोखंडाची बारीक पूड उडते आणि रंगात रुतून बसते. ती काढायला एक द्राव मिळतो. लोखंड भेटलं की तो जांभळा होतो आणि ओघळतो. भाऊंनी तो फवारला आणि खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळात चाकांतून, दारांच्या खालून जांभळे ओघळ सुरू झाले. ओटीवर बसलेल्या त्यांच्या आई ओरडल्या, “अरे, गाडीला काय झालं? रक्त जातंय तिचं!” भाऊ म्हणाले, “आई, लोखंड जातंय.” त्यावर आई म्हणाल्या, “मग पालेभाजी घाल तिला.”

या द्रावात केस कुरळे करायच्या औषधातलंच रसायन असतं, आणि त्याचा वास सडक्या अंड्याचा. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. थळच्या कोळीवाड्यात जवळा, बोंबील, सुकट वाळत असते. वासाच्या बाबतीत आम्ही सहसा कुणाला नावं ठेवत नाही. पण त्या दिवशी सुकटीवर टपलेले कावळे उठून गेले, आणि सुकट राखायला बसलेली म्हातारी काठी टेकत भाऊंच्या फाटकाशी आली. “क मेलाय रं तुज्याकरं?” तिने विचारलं. भाऊंनी तिला रसायनाचं नाव सांगितलं. मयताचं नाव ऐकावं तशी ती मान हलवून परतली.

मग कोटिंगचा मुहूर्त. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकाच्या जातीतला द्राव. तो रंगावरच्या पारदर्शक थराला धरून घट्ट होतो आणि पाण्याला टेकू देत नाही. भाऊ हे समजावताना परसातलं अळूचं पान आणतात, त्यावर थेंब सोडतात, थेंब मोत्यासारखा गडगडतो आणि ते विजयी मुद्रेने बघतात. पानाची नंतर अळूवडी होते. हे एकच प्रात्यक्षिक आहे ज्याला शेजारी वेळेवर हजर असतात.

बाटली पन्नास मिलिलिटरची. वहिनींनी किंमत विचारली तेव्हा भाऊंनी उत्तर मिलिलिटरमध्येच दिलं.

अडचण हवेची होती. कोटिंगला कोरडी हवा लागते, ऊन नको, धूळ नको, वारा नको. ही अट पाळायची तर आधी थळ सोडायला हवं. भाऊंनी आर्द्रतामापक आणला आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडे वहीत लिहू लागले. शेवटी जानेवारीतली एक दुपार पास झाली. अंगणात ताडपत्रीचा मांडव पडला, खाली पाणी शिंपडून धूळ बसवली, आत ट्यूबलाइट लागली. येणारे-जाणारे विचारू लागले, “लगीन कोणाचं?” भाऊ कपाळावर दिवा बांधून, हातमोजे चढवून मांडवात शिरले.

मी फाटकाशी उभा राहून पाहिलं. स्पंजच्या ठोकळ्याला गुंडाळलेलं मऊ कापड, त्यावर मोजून थेंब. आधी उभे हात, मग आडवे. एका वेळी फूट-दोन फुटांचाच तुकडा. पत्र्यावर तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुष्यी रंग फुटले की फडक्याने पुसून सपाट करायचं. दमट हवेत ही वेळ फार लवकर येते. पुसायला उशीर झाला तर थर तिथेच काळपट होऊन बसतो आणि मग पॉलिश मशीनशिवाय निघत नाही. भाऊंचा हात असा चालला होता की प्लांटच्या कंट्रोल रूममध्येही चालला नसेल. दारं झाली, टप झाला, बॉनेटचा शेवटचा तुकडा राहिला, आणि खिशातला फोन वाजला. मेहुण्याचा. “भावोजी, रविवारी पेणला जायला गाडी मिळेल का?”

भाऊंनी “नाही” म्हणायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात तो डाग बसला.

डाग बोटाच्या पेराएवढा आहे. कुणालाही दिसत नाही. म्हणून भाऊ प्रत्येकाला दाखवतात. “असा नाही, खाली वाका. आता तिरके बघा. उजेड डावीकडून घ्या.” गावातली निम्मी माणसं त्या बॉनेटपुढे वाकून गेली आहेत, इतकी गणपतीपुढे वाकत नाहीत.

पहिले चोवीस तास पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो. दहिवराचा विचार बाटलीवर लिहिणाऱ्याने केला नव्हता. जानेवारीत पहाटे आमच्याकडे ताडपत्रीच्या आतूनही पाणी टपकतं. भाऊंनी टेबलफॅन लावला आणि रात्रभर मांडवात बसून ताडपत्रीची आतली बाजू पुसली. शेवटची सी शिफ्ट त्यांनी अशी केली, ओव्हरटाइमशिवाय.

कोटिंगच्या खोक्यावर ‘नाइन एच’ असं लिहिलेलं असतं. हा कडकपणा हिऱ्या-माणकांच्या मापातला नव्हे. तो पेन्सिलींच्या मापातला. त्या मापातली सगळ्यांत कडक पेन्सिल नाइन एच, तिने ओरखडा उठला नाही की पास. भाऊंनी हे आळीतल्या पोरांना कौतुकाने सांगितलं. शेजारचा चौथीतला मुलगा जिज्ञासू. त्याच्या कंपासपेटीत नाइन एच पेन्सिल नव्हती, कर्कटक होतं. कर्कटकापासून कोटिंग वाचवत नाही. दगडाच्या टवक्यापासूनही नाही. थर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. पोरगा प्रामाणिकपणे सांगायला आला, “काका, ते नापास झालं.”

खरी गंमत अशी की खारा वारा गाडीला वरून फारसा खात नाही. तो खालून खातो. चॅसिस, सायलेन्सर, दारांच्या तळाच्या सांध्यांत साठलेलं खारं पाणी, तिथून गंज चढतो. तिथे सिरॅमिक नव्हे, तळाला मारायचा गंजरोधक थर आणि साध्या पाण्याचा जोरदार फवारा लागतो. हे अलिबागच्या मेकॅनिकने भाऊंना सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं, पण मन रमलं नाही. खाली वाकून कोण बघतं? म्हणजे, त्या डागासाठी वाकतात ते सोडून.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढतात, खरवडतात, रंग काढतात. त्या दिवसांत एक नाखवा भाऊंकडे येऊन बसतो, रंगकामातला जाणकार म्हणून. सगळं कौतुकाने बघून एकदा म्हणाला, “भाव, आमी पन होरीला रंग मारताव. पन मंग ती दर्यान जाते.” भाऊंची गाडी अलिबागपर्यंतही क्वचित जाते. वहिनी विक्रम रिक्षाने जातात. येताना त्यांच्या पिशवीत भाऊंसाठी शाम्पू असतो, पीएच सातचा.

२०२५ च्या जुलैत खांदेरी युनेस्कोच्या यादीत आला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत आपल्या समोरच्या बेटाचं नाव, गावाचा ऊर भरून आला. भाऊंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “आता पार्किंगला गर्दी होणार.” होतेच. रो-रोतून मांडव्याला उतरलेल्या मुंबईच्या दणदणीत गाड्या थळच्या किनाऱ्याशी लागतात, माणसं होडीने किल्ला बघायला जातात. भाऊ त्या गाड्यांमधून हळूहळू हिंडतात, सरकारी दवाखान्यात राउंडला निघालेल्या डॉक्टरच्या चेहऱ्याने. २०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या वाळूत फेरारी रुतली आणि बैलगाडी जुंपून बाहेर काढली, तो व्हिडिओ जगाने हसत पाहिला. भाऊंनी तो थांबवून थांबवून पाहिला. “दोर बांधला तिथे खाली एक मायक्रोफायबर घालायला काय झालं होतं?” एवढंच म्हणाले.

आता राहिली ती उरलेली बाटली. गाडीला तीसेक मिलिलिटर लागलं. उघडलेली बाटली ठेवून भागत नाही, हवेतला ओलावा लागून आतलं सगळं कडक होतं, आणि ओलाव्याची आमच्याकडे टंचाई नाही. भाऊंसारख्या माणसाला वीस मिलिलिटर फुकट घालवणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझ्या हेल्मेटची काच केली, दारावरची पाटी केली, न्हाणीघराचे नळ केले. तरी उरलं. तेव्हा रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी गुपचूप स्वयंपाकघराचा ओटा, मागच्या टाइल्स आणि मासे धुवायचं सिंक करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी हळदीचा हात टाइलला लागला म्हणून सवयीने घासायला घेतला. हळद एका फटकाऱ्यात निघाली. त्यांनी पुन्हा मुद्दाम हळद लावली, पुन्हा निघाली. सिंकमध्ये पापलेटाचे खवले चिकटेनात. मग त्यांनी शेजारणीला बोलावलं, शेजारणीने तिच्या जावेला, आणि दुपारपर्यंत ओट्यापुढे अशी रांग लागली की भाऊंच्या डागाला कधी लाभली नव्हती. भाऊ दारात उभे राहून म्हणत होते, “थेंब बघा, थेंब. कसा गोल बसलाय.” पण बायकांना थेंबात रस नव्हता. आठवड्याचा कितीसा घासणीचा खर्च वाचेल, याचा हिशोब चालला होता.

संध्याकाळी वहिनींनी स्वतः किंमत विचारली, या वेळी रुपयांत, आणि ऐकून नाकही मुरडलं नाही. “अजून एक मागवा,” त्या म्हणाल्या. भाऊंचे डोळे चमकले. बॉनेटचा तो डाग मशीनने काढून पुन्हा थर द्यायचा बेत त्यांनी मनात करूनही टाकला.

“आधी फ्रिज, मग शेगडी, मग माझ्या माहेरचा ओटा,” वहिनी म्हणाल्या. “उरलं तर गाडीला लावा. आणि रविवारी तिकडे जायचंच आहे, तर भावाला सांगा, पेणला गाडी घेऊन येतोय म्हणून.”