रंग जाण्याची हमी

कापडाच्या दुकानात आपल्या बायकांचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. "रंग जाईल का हो?" हा असतो. त्यावर दुकानदार शपथेवर सांगतो, "ताई, कापड विरेल, पण रंग हलायचा नाही." या शपथेपायी आजवर किती पांढरे बनियन गुलाबी झाले, देव जाणे.

1960 च्या आसपास अमेरिकेत मात्र 'ब्लीडिंग मद्रास' नावाचे उन्हाळी शर्ट जाहिरातींत झळकत होते. मद्रासकडच्या हातमागावरचं पातळ सुती कापड, भडक चौकडी आणि सोबत लेखी हमी: रंग जाणारच!

यामागची हकीकत कापडाचे व्यापारी सी. पी. कृष्णन नायर रंगवून सांगत. 1958 मध्ये त्यांनी विल्यम जेकबसन या अमेरिकी व्यापाऱ्याला हे कापड विकलं, तेव्हा थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, असं बजावलं होतं. कापड ब्रूक्स ब्रदर्स या कपडेवाल्या कंपनीपर्यंत पोचलं. ताकीद वाटेतच गळाली. गिऱ्हाइकांनी शर्ट सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकले आणि रंगपंचमी झाली. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं. मग डेव्हिड ओगिल्वी या जाहिरातवाल्याने शक्कल लढवली: दोष लपवायचा कशाला, तोच विका! आणि तो खपला. दर धुण्याला वनस्पतीजन्य रंग एकमेकांत उतरत, चौकडीच्या कडा पुसट होत, दोन शर्ट सारखे राहत नसत. कॉलेजची पोरं विटका शर्ट जास्त मिरवू लागली. हीच युक्ती आमच्या धोब्याला सुचती, तर आज त्याची जाहिरात कंपनी असती.

त्या कॉलेजांत येलही आलंच. त्याला ज्याचं नाव मिळालं तो एलिहू येल मद्रासचा गव्हर्नर होता. 1718 मध्ये त्याने पाठवलेल्या भेटीत पुस्तकांबरोबर विकायला मालाचे गठ्ठे होते. त्यांचे 562 पौंड आले. विद्यापीठाला नाव देऊन मालाची इतकी चांगली किंमत पुढे कुणाला मिळाली नसावी.

गंमत म्हणजे मद्रासच्या याच चौकडीची आपल्याकडे लुंगी होते. ती कमरेला असेपर्यंत तिचं कुणी कौतुक केलं नाही. खांद्यावर चढली आणि फॅशन झाली.

नायरांनी पुढे मुंबईत विमानतळाजवळ पत्नीच्या नावाने लीला हॉटेल काढलं. तिथल्या लॉन्ड्रीतून एखाद्या पाहुण्याचा शर्ट रंग गमावून परत आला, तर त्याची माफी मागत असतील की वेगळं बिल लावत असतील?