तेल्यातात्या

तेल्यातात्या हा सांगोला तालुक्यातील डाळिंबाच्या बागांवर बारमाही आढळणारा उपद्रव होय. कृषी खात्याच्या घडीपत्रिकेत त्याचे नाव नसते. तिथे मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकूण, सूत्रकृमी, फळ पोखरणारी अळी आणि रात्री येऊन फळात सोंड खुपसणारा पतंग यांची सोय केलेली असते. बागायतदाराला विचारले तर तो पतंगाच्या आधी तात्याचे नाव घेईल, कारण पतंग निदान दिवसा तरी येत नाही. डोक्याला पांढरी टोपी, खिशात भिंग आणि तोंडात एकच निदान : तेल्या.

हे निदान करायला तात्याला बागेत शिरावे लागत नाही. बांधाशी मोटारसायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून तो चार ओळींवरून नजर फिरवतो आणि म्हणतो, "तेल्या हाय."

"तात्या, धूळ हाय ती. काल रस्त्यावर मुरूम टाकत हुती."

तात्या उतरतो, पान खुडतो, धोतराला पुसतो. डाग जातो.

"आज गेला," तात्या म्हणतो, "पाऊस पडू दे, मग बघ."

मालक चहा सांगतो. तात्या चहा घेतो, कपाच्या कडेवरचा डाग बोटाने खरवडून बघतो आणि पुढच्या बांधाला लागतो.

खरा तेल्या म्हणजे झँथोमोनास या जिवाणूमुळे होणारा करपा. ढगाळ दमट हवा, तिशीच्या आसपास तापमान आणि वाऱ्याबरोबर उडणारे पावसाचे थेंब एवढे जमले की तो बागभर होतो. पानावर आधी पाण्याने भिजल्यासारखा टिपका उमटतो, भोवती पिवळे वलय येते. फळावरचा डाग काळा पडून इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखा तडकतो. रोगट झाडाची गुटी, न धुतलेली कात्री, बागोबाग फिरणाऱ्याचे हात, यांवरूनही तो पुढच्या बागेत जातो. 2000 नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कितीतरी बागा या रोगाने झोपवल्या.

सांगोल्यात त्याची धास्ती जास्त, कारण तालुक्याचा संसारच डाळिंबावर उभा राहिला. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. 1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली, मागून ठिबक आले, आणि ज्या माळावर मेंढरे चरायची तिथे भगव्या जातीच्या ओळी लागल्या. अजनाळ्यासारख्या गावात त्या पैशावर बंगले उठले. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. अशा मुलखात तेल्या हा शब्द मोठ्याने उच्चारणे म्हणजे अक्षता पडत असताना मांडवात शिंकण्यासारखे आहे. तात्या दिवसातून वीसदा शिंकतो.

त्याला शिकवण्याचीही हौस असते. रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात भज्याच्या गाड्यावर त्याचा वर्ग भरतो. भजी संपली की तात्या खालचा वर्तमानपत्राचा कागद झटकतो आणि उन्हात वर धरतो. कागदावर तेल उतरलेले असते, आणि तेवढ्या जागेतून पलीकडचा खिलार बैल अंधूक दिसतो. "दिसतंय का आरपार?" तात्या विचारतो. "पान असंच धरायचं. साधा बुरशीचा डाग अंधारा दिसतो. हा उजेड आत घेतो. बोटाला तेलकट लागंल म्हणून चाचपत बसू नका, डोळ्यांनी बघा." सांगतो ते अगदी बरोबर असते. त्या कागदाच्या साक्षीने तालुक्यातली निम्मी पोरे तेल्या ओळखायला शिकली आहेत. त्यानंतर तात्या तोच कागद बैलाच्या मालकापुढे धरतो आणि त्याच्या बैलाच्या पाठीवरही डाग असल्याचे कळवतो. सौदा फिसकटतो.

डाळिंब सोडून इतर यजमानांवरही तात्याचा प्रादुर्भाव होतो. मुलगा पाहायला गेलेल्या मंडळींत तो असला तर घर, शेत, विहीर सगळे पसंत पडते आणि परतीच्या जीपमध्ये तात्या म्हणतो, "पोरगं गुणाचं हाय, पण माल डागी हाय." मुलाच्या गालावर दोन मुरमे असतात. देवळाच्या नव्या सभामंडपात ओल उतरली तर गवंड्याच्या आधी तात्याला कळते, आणि काय झाले असेल ते त्याला विचारावे लागत नाही. जून 2022 मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीत मुक्कामाला असताना फोनवरून झाडी, डोंगर आणि हाटेलाचे कौतुक करून गेले आणि सगळा महाराष्ट्र आठवडाभर हसला. तात्या हसला नाही. सतत पाऊस पडणाऱ्या मुलखातल्या झाडीवर फवारणी कोण करतो, एवढीच त्याची शंका होती.

तात्याची खरी परीक्षा पुण्यात होते. मुलाने बंगला बांधलेला असतो, पुढे बाग असते आणि सून कौतुकाने म्हणते, "मामा, लॉन बघा ना." तात्या बघतो. ज्या हरळीच्या काशा वेचण्यात त्याची उभी हयात गेली, जिच्यासाठी उन्हाळ्यात रान नांगरून तापत ठेवावे लागले, तीच मुलाने चौरस फुटाच्या भावाने विकत आणून अंथरलेली असते, आणि वर तिला पाणी द्यायला माणूस ठेवलेला असतो. हरळीत लव्हाळा उगवलेला असतो, म्हणजे फुकट मिळालेला. कुंपणाला कोनोकार्पसची भिंत. कुंडीत निवडुंग. मधोमध सिमेंटचा हंस, चोचीतून पाणी सोडणारा. झाडांच्या बुंध्याशी घट्ट सिमेंट, त्यावर रंगीत फरशी. मुळाला श्वास घ्यायला चार बोटे जागा नाही. कोपऱ्यात गाजर गवत. ते 1950च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा डोळ्यांवर आले, आणि अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे मानतात. शेकापच्या गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत धाडणाऱ्या सांगोल्यात त्याला काँग्रेस गवत म्हणून, जरा चवीने, उपटतात. तात्या तेवढे एक उपटतो. बाकी कशाला काही म्हणत नाही, कारण सुनेने डोळ्यांनी बजावलेले असते. निघताना मात्र तो हंसापाशी थांबतो. हंसाच्या मानेवर शेवाळाचा हिरवट डाग असतो. तात्या खिशातून भिंग काढतो. मुलगा म्हणतो, "आबा, गाडी यायची वेळ झाली."

व्यापाऱ्यांना तात्याचा उपयोग केव्हाच कळला आहे. बागेचा सौदा करायच्या आदल्या दिवशी ते गावात येतात, तात्याला चहा पाजतात आणि अमक्याची बाग कशी काय, एवढेच विचारतात. तात्या आपला ठरलेला शब्द बोलतो. दुसऱ्या दिवशी किलोमागे भाव उतरलेला असतो आणि उतरवणाऱ्याचे हात स्वच्छ असतात. तात्याला यातून एक छदाम मिळत नाही. मिळत असता तर लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

तात्याची स्वतःची बाग होती तेव्हा त्या बागेत तेल्या नव्हता. पानावर टिपके दिसले ते फवाऱ्याच्या थेंबांचे होते. फळे काळवंडली ती उन्हाने. सांगोल्याकडे उन्हापासून फळ वाचवायला ओळींवरून जुन्या साड्या ताणतात. तात्यानेही घरातल्या, पाहुण्यांच्या, बाजारातून वजनावर आणलेल्या साड्या ताणल्या. हिरव्या-जांभळ्या मांडवाखाली तो रोज फिरायचा, आणि शेजाऱ्याने विचारले की सांगायचा, "उन्हाचा चट्टा हाय." फळ तडकले तेव्हा पाणी कमी-जास्त झाले होते. शेजारी आणखी खोलात गेला तर तात्या विषय बदलायचा. पंधरवडाभर उन्हाचा चट्टा चालला, मग मृगाच्या सरी वाऱ्याबरोबर आल्या आणि साड्यांखालची चार एकर बाग काळी पडली. झाडे मुळासकट काढून जाळावी लागली. तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक तात्यामागे अशी जाळलेली एक बाग असते. जो शब्द त्याने पंधरा दिवस गिळून ठेवला, तो त्यानंतर त्याला तोंडात ठेवता येत नाही.

2021 आणि 2022 च्या सुमारास तात्याचे हे निदान काही कामाचे उरले नाही. अतिपावसाने बसलेल्या बागांना मर लागली आणि खोडात टाचणीने टोचल्यासारखी भोके पडू लागली. भोकातून पिठासारखा भुसा गळायचा. पानावर डागाचा पत्ता नाही, आणि उभे झाड आठवड्याभरात वाळून जायचे. बागाच्या बागा जेसीबीने निघाल्या, काहींच्या जागी ऊस आला. त्या दिवसांत तात्या बांधावर यायचा, भोकाशी भिंग धरायचा आणि नुसताच चहा पिऊन जायचा. बागायतदारांना त्याचे गप्प बसणे जास्त झोंबले.

तात्यावर उपाय अनेक करून झाले. "औषध मारले आहे, आत येऊ नये" अशी पाटी लावली, तर ती वाचायला तो थांबतो आणि पाटीवर डाग शोधतो. कुत्रे त्याला ओळखतात. बागेत परके माणूस फिरू देऊ नये हा शास्त्रीय सल्ला त्याच्यासमोर वाचून दाखवला तर तो मान डोलावतो, म्हणतो, "लई बरोबर हाय," आणि पुढचे पान खुडतो.

हा सल्ला तो कधी पाळतो ते फार थोड्यांनी पाहिले आहे. एखाद्या बागेत पान उन्हात धरल्यावर उजेड खरोखरच आरपार येतो. त्या बागेत तात्या तेल्या हा शब्द काढत नाही. वहाणा तिथेच बांधाला सोडतो आणि मालकाला म्हणतो, "चुना हाय का कळीचा? आन् मोरचूद?" मग तो स्वतः बसतो. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या भांड्यात, चुना दुसऱ्यात, प्रत्येकी एक किलो. दोन्ही द्रावणे तिसऱ्या पिंपात एकदम ओतून शंभर लिटर पाणी पुरे करायचे. लोखंडी डबा कोणी पुढे केला तर शिवी हासडतो. मिश्रण झाले की विळ्याचे पाते बुडवून बाहेर काढतो. पात्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी पडलेला असतो, मग आणखी निवळी घालायची. पाते स्वच्छ निघेपर्यंत तो फवारा सुरू करू देत नाही. डागी फळे आणि गळलेली पाने तोच वेचतो, खड्ड्यात टाकून जाळतो, कात्री दर झाडाला औषधात बुडवतो. व्यापारी विचारायला आला तर त्याला वाटेतच अडवून सांगतो, "काय न्हाई ओ. उन्हाचा चट्टा हाय."

आणि तिथून तो दुसऱ्या कुठल्याच बागेत जात नाही. ती बाग आटोक्यात येईपर्यंत त्याची मोटारसायकल घरी उभी असते, भज्याच्या गाड्यावरचा वर्ग बंद असतो. त्यामुळे तात्या रोज येतो तोवर त्याला शिव्या देणारे बागायतदार, चार-पाच दिवस तो फिरकला नाही की एकमेकांना काही न विचारता मोरचूद भिजत घालतात.