गाडीला गॅरेज आहे

स्कूटरचा आवाज जरा बदलला की आपला गडी दुसऱ्या दिवशी गॅरेजात हजर. स्वतःची झोप तीन महिने उडाली, तरी 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोड्यावर भागवतो. मित्राला सांगावं तर तो म्हणतो, "चल, बसू!" बसणं होतं, बोलणं राहतं, बिल मात्र समुपदेशकाच्या फीला लाजवेल असं. अखेर डॉक्टर शोधतो तोही दुसऱ्या उपनगरातला, आणि गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावतो. (पाटीवर 'मनोविकारतज्ज्ञ' लिहिलेलं असतं ना! दातांचा दवाखाना असता तर थेट दारात लावली असती.) २०२२ साली देशात आत्महत्या केलेल्या दर दहांत सात पुरुष होते. त्याच वर्षी सरकारने 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. तिथे गाडी लपवावी लागत नाही.