गुरुवारचा प्रेक्षक

सिनेमा थिएटरातच बघायचा असतो, हे मत माझं आहे. तसं ते आणखीही कुणाकुणाचं असेल, पण माझ्याइतक्या जाहीरपणे ते कोणी बाळगत नाही. लग्नाच्या पंगतीत, पीएमपीच्या थांब्यावर, एवढंच काय, सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीवर बोलतानाही मी ते मांडलेलं आहे. २०२० साली ‘गुलाबो सिताबो’ थिएटरचं तोंडही न बघता थेट घरच्या पडद्यावर येणार असं जाहीर झालं, तेव्हा आयनॉक्स कंपनीने पत्रक काढून नाराजी कळवली होती. माझ्याकडे लेटरहेड नव्हतं, म्हणून मी माझं पत्रक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. त्यावर दोन अंगठे आले आणि खाली एकाने विचारलं, टँकर किती वाजता येणार आहे?

पुढे आमच्याकडे पंचावन्न इंची टीव्ही आला. विरोधकाची ताकद घरात आणून बघितल्याशिवाय त्याच्याशी लढता येत नाही, असं मी सौ.ला समजावलं. तिने एवढंच विचारलं, “अहो, पण हा भिंतीवर मावेल का?” लग्नातला फोटो उतरवल्यावर मावला. मग साउंडबार आला, खिडक्यांना जाड पडदे आले आणि हॉलचं रीतसर थिएटर झालं. थिएटर झालं म्हटल्यावर नियम आलेच. खेळ ठरल्या वेळी सुरू होईल. दिवे बंद. मोबाइल बंद. उशिरा येणाऱ्याने भिंत धरून यावं आणि मिळेल तिथे बसावं.

पहिल्याच खेळाला कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. थिएटरात शिट्ट्या होतात हे मलाही मान्य आहे, पण त्या नायकाच्या एन्ट्रीला. मग दूध वर आलं. मग समोरच्यांचं पार्सल आमच्याकडे ठेवायला माणूस आला. आमच्याच मजल्यावरचे निवृत्त फोरमन प्रत्येक खेळाला न चुकता येतात आणि नायकाने शर्ट बदलला की विचारतात, “हा मघाचाच ना?” त्यांना उत्तर द्यायचं तर सिनेमा थांबवावा लागतो. रिमोटवरच्या त्या दोन उभ्या रेघांनी घरातल्या सिनेमाचा जेवढा घात केला आहे, तेवढा सेन्सॉरने कुणाचा केला नसेल. दोन तासांचा सिनेमा आमच्याकडे शनिवारी लागतो आणि मंगळवारी संपतो. पूर्वी चार दिवसांत सिनेमा उतरला तर पडला म्हणायचे. आमच्याकडे चार दिवस टिकला तर तो हिट.

अशाच एका खेळाच्या मध्यंतरात (कारण : पोळ्या) मी नेहमीचं भाषण सुरू केलं. अंधार, एकाग्रता, मोठ्या पडद्यापुढे होणारी समाधी वगैरे. सौ. स्वयंपाकघरातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “समाधी लागते ते खरं आहे. थिएटरात हे मध्यंतरानंतर झोपतात. निम्म्या सिनेमांचे शेवट यांना मी रिक्षात सांगितलेत.”

हे खरं आहे. पण त्याला कारण आहे, आणि ते सांगायचं तर गुरुवारपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या पट्ट्यातला रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार सगळ्या कारखान्यांचा एकाच दिवशी पडू नये म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. भोसरीत काय किंवा चाकणला काय, गुरुवारी यंत्रं गप्प असतात आणि लोक दाढी करतात. पुण्यातल्या नातेवाइकांना हे आयुष्यभर कळलं नाही. ते रविवारी सहकुटुंब यायचे आणि मी त्या वेळी कंपनीत व्हर्नियर कॅलिपर हातात धरून शाफ्टचा व्यास बघत असायचो. मुलांची शाळा रविवारी बंद, बापाची कंपनी गुरुवारी. आख्खं घर एका छपराखाली दिवसभर जागं आहे असा दिवस आमच्या कॅलेंडरात फक्त दिवाळीला असायचा.

आता सिनेमाचं बघा. सिनेमा लागतो शुक्रवारी. म्हणजे आठवड्याचा शेवटचा दिवस कोणता? गुरुवार. शहर ज्याची वर्षश्राद्धं घालून मोकळं झालंय असा सिनेमा आम्ही त्याच्या अंत्यदर्शनाला जावं तसे बघायला जायचो. पिंपरीच्या विशालला किंवा अशोकला, चिंचवडच्या जयश्रीला. आम्ही आत शिरत असताना बाहेर शिडी लावून उद्याच्या सिनेमाचं पोस्टर चढवणं चालू असे. डोअरकीपरला सगळे संवाद पाठ झालेले असत आणि तो ते नायकाच्या अर्धा सेकंद आधी म्हणे. परीक्षणं वाचायची आम्हाला गरजच नव्हती. सोमवारच्या पहिल्या पाळीच्या कॅन्टीनमध्ये सिनेमाचा निकाल लागलेला असे. पोरीचं लग्न कोणाशी होतं, खलनायक कुठल्या गोदामात मरतो, सगळं उसळीबरोबर वाढलेलं. तरी आम्ही जायचो. शेवट माहीत असलेला सिनेमा बघायला आठवडाभर वाट बघणारा प्रेक्षक जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

आणि गुरुवारचा प्रेक्षक सगळा एकजात कामगार. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा, टेल्कोचा, बजाजचा, भोसरीतल्या दहा माणसांच्या वर्कशॉपचा. सातारचा, लातूरचा, खानदेशातला, केरळचा, पिंपरी कॅम्पातला सिंधी दुकानदारही, कारण गिऱ्हाइकं थिएटरात असताना दुकान उघडं ठेवून तो तरी काय करणार. पडद्यावरच्या मालकाने कामगाराला नोकरीवरून काढलं की त्या अंधारातून जो आवाज उठायचा तो युनियनच्या गेट सभेलाही निघत नसे. इन्क्रिमेंटच्या वेळी खाली मान घालून सही करणारी माणसं तिथे मालकाला मोठमोठ्याने शिव्या देत. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं नाव माहीत नसायचं, पण हाताला लागलेल्या कूलंटच्या वासावरून त्याचं खातं ओळखता यायचं.

मुलांनाही न्यायचं म्हटलं की मात्र रविवारचा रात्रीचा खेळ. सकाळी सातच्या पाळीला गेलेला माणूस रात्री नऊच्या खेळाला बसतो, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा गजर. मध्यंतरानंतर त्याचा डोळा लागला तर ती रसिकतेची उणीव धरू नये. आमच्या रांगेत सगळेच बाप झोपलेले असायचे. आया बाजूला पदराने डोळे पुसत आणि शेवटच्या मारामारीच्या वेळी कोपर मारून आम्हाला उठवत, कारण मारामारी आम्हाला आवडते असा त्यांचा समज होता.

गुरुवार इथे संपवतो. संपवायला नको वाटतो, पण इलाज नाही.

घरच्या सिनेमाने थिएटर मारलं, ही ओरड आमच्या गावात महापालिकेइतकी जुनी आहे. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली आणि त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला. पाठोपाठ व्हीसीआर. तो विकत घेण्याची ऐपत कोणाची नव्हती, म्हणून चाळीत वर्गणी काढून बुधवारी रात्री तो भाड्याने यायचा. गुरुवारी दुपारपर्यंत परत द्यायचा असल्याने तीन कॅसेटी लागोपाठ. चित्राला मुंग्या आल्या की मला बोलावणं यायचं, कारण मी इन्स्पेक्शनमधला. करकरीत नोट हेडवरून अलगद फिरवायची, दुसऱ्याने उजेड धरायचा, बाकीच्यांनी श्वास रोखायचा. चित्र स्वच्छ झालं की मी अशा नजरेने मागे बघे, जणू सिनेमा मीच काढलाय. ‘थिएटरातच बघायचा असतो’ हे माझं मत त्याही काळात होतं. नोट हातात घेऊनच मी ते ऐकवायचो.

पण तेव्हाची थिएटरं त्यात मेली नाहीत, हे लक्षात घ्या. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला. राजश्रीने त्याची व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊच दिली नाही आणि लोक नटूनथटून, घरचं कार्य असल्यासारखे थिएटरात गेले. पुढे मोझर बेअरने २००७ च्या सुमाराला अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी विकली, तेही पचलं. थिएटर बदललं ते वेगळ्याच बाजूने. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली आणि पडदे मॉलमध्ये गेले. चिंचवडला एल्प्रो कंपनी होती, त्या जागेवर मॉल उभा राहिला. विशाललाही ई-स्क्वेअरचं नाव जोडलं गेलं.

एका मॉलमध्ये आमची पहिली फेरी झाली तेव्हा दारावर सौ.च्या पर्समधून चिवड्याची पुडी निघाली. मी आयुष्यभर झडती दिलेला माणूस आहे, झडतीचं मला काही वाटत नाही. पण कंपनीच्या गेटवर झडती बाहेर पडताना होते, काही नेत नाही ना म्हणून. इथे आत शिरताना होते, काही आणत नाही ना म्हणून. पुडी बाहेर राहिली. आत मक्याच्या लाह्यांचा भाव ऐकून मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “पोतं आहे का?”

खुर्ची मात्र फार सुंदर होती. बटण दाबलं की पाय वर. पांघरूण मिळतं, खाणं जागेवर येतं. मी निवांत डोळे मिटून विचार केला, हे सगळं आपल्या घरी आहेच. पाय वर करता येतात, पांघरूण आहे, खाणं जागेवर येतं. (“आणून कोण देतं?” असं सौ.ने या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलं आहे.) थिएटरवाल्यांनी गेली वीसेक वर्षं मेहनत करून थिएटरचं घर केलं आणि मी वेडा घराचं थिएटर करत बसलो. आराम विकायला निघालात तर घराशी सामना कसा जिंकणार? घर त्यात कायम पुढेच राहणार. घराकडे एकच गोष्ट नाही, अनोळखी माणसं. ती थिएटरवाल्यांकडे मुबलक होती आणि नेमकी तीच त्यांनी तिकिटाच्या दराने बाहेर घालवली.

एका व्हेंडरकडे अधूनमधून सल्ला द्यायला मी चाकणला जातो. परत येताना एकदा कंपनीच्या बसमध्ये बसलो. तळेगाव चौकातली कोंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. शेजारी कंत्राटातला एक पोरगा मोबाइलवर सिनेमा बघत होता. तळहाताएवढा पडदा, त्यालाही तडा गेलेला. माझ्यातला वक्ता जागा झाला. म्हटलं, “अरे, हा थिएटरात बघायचा सिनेमा आहे.” तो म्हणाला, “काका, तिकीट आणि खाणं धरलं तर एक हजेरी जाते. आणि रूमवर आम्ही पाचजण, पण पाळ्या वेगवेगळ्या. एकट्यानं काय जायचं?” मग त्याने एक इअरफोन काढून माझ्यापुढे धरला. मोशी येईपर्यंत आम्ही दोघांनी तो सिनेमा पाहिला. एका विनोदाला दोघंही एकदम हसलो आणि पुढच्या सीटवरचा माणूस वळून “काय झालं?” म्हणून बघायला लागला. पंचावन्न इंचांवर मी इतक्यात असा हसलो नव्हतो.

पोरगा हिंगोलीकडचा होता. गाव सोडल्यापासून थिएटरात पाऊल टाकलं नाही म्हणाला. ज्या पट्ट्यातून रोज इतक्या गाड्या जगभर जातात, तिथल्या पोराला महिन्यातून एकदा चार माणसांत बसून हसायची सोय नसावी, याचा मला अजून राग येतो. हा राग ओटीटीवर काढण्यात अर्थ नाही. त्या बसमध्ये तेच एक त्याच्या सोबतीला होतं.

मल्टिप्लेक्सच्या साखळीवाल्यांचं भांडण मात्र आठवड्यांवर चालू आहे. हिंदी सिनेमा थिएटरात लागल्यावर आठ आठवडे घरच्या पडद्यावर येऊ नये, असा त्यांचा आग्रह. २०२५ च्या मे महिन्यात ‘भूल चूक माफ’च्या निर्मात्यांनी आयत्या वेळी थिएटर सोडून थेट ओटीटीवर जायचं ठरवलं, तेव्हा पीव्हीआर आयनॉक्स साठ कोटींचा दावा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ओटीटीला मनाई केली, मग तडजोड झाली, सिनेमा २३ मे रोजी थिएटरात लागला आणि दोनच आठवड्यांत घरी आला. आठाचे दोन झाले. या हिशेबाने पुढचा सिनेमा आमच्या हॉलमध्ये आधी लागेल आणि मला तिकिटं छापावी लागतील.

आठवडे मोजून माणसं येत नाहीत. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय चित्रपट दिन म्हणून देशभर पंचाहत्तर रुपयांना तिकीट लावलं, तेव्हा थिएटरांत पाय ठेवायला जागा नव्हती. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला भिशीच्या भिशी नऊवारी नेसून, गॉगल लावून गेल्या. आमची सौ. मैत्रिणींबरोबर दोनदा गेली, मला न विचारता. सिनेमा पुढे घरबसल्याही दिसणार हे त्या बायकांना माहीत नव्हतं असं नाही. घरबसल्या एकत्र हसता येत नाही, एवढंच त्यांना जास्त पक्कं माहीत होतं.

तेव्हा साखळीवाल्यांना एक विनंती. मंगळवारी तुम्ही नव्व्याण्णव रुपयांपासून तिकीट देता, ती योजना चांगली आहे, पण मंगळवारी आमच्या पट्ट्यात सगळे मशीनवर असतात. पिंपरी, भोसरी, मोशी, चाकणपुरता तो वार बदला. गुरुवारी दुपारी चारचा खेळ लावा, तिकीट शंभराच्या आत ठेवा. शंभरपर्यंत आता जीएसटीही पाचच टक्के आहे. चिवड्याची पुडी आत येऊ द्या. मी येईन, फोरमनसाहेबांना घेऊन येईन आणि मध्यंतरानंतरही जागा राहीन. सौ.ने याची हमी मात्र घेतलेली नाही.